गुणफलकाची किल्ली कोणाच्या हाती?

डिसेंबर १९९९ मध्ये 'क्वेक' या गाजलेल्या संगणकीय खेळाची मूळ आज्ञावली इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने सर्वांसाठी खुली केली. जॉन कारमॅक यांच्या या निर्णयाचे मुक्तस्रोत चळवळीने स्वागत केले. परंतु अल्पावधीतच महाजालावरील सामन्यांत लबाडीला ऊत आला. कोणी आपोआप नेम धरणारी बंदूक तयार केली, तर कोणी भिंतीपलीकडचा शत्रू दिसेल अशी सोय करून घेतली. आज्ञावली उघडली की सुरक्षितता गेली, असा निष्कर्ष काढण्यास अनेक जण टपलेलेच होते. एरिक रेमंड यांनी मात्र त्याच सुमारास दाखवून दिले की, दोष उघडेपणाचा नव्हता. खेळाडूच्या संगणकाला जी माहिती देण्याची गरजच नव्हती, ती मूळ रचनेतच वेगासाठी दिली जात होती. बंद आज्ञावलीने ही तडजोड केवळ झाकून ठेवली होती.

पाव शतक उलटल्यानंतरही स्वयंसेवकांनी चालविलेल्या, खुल्या आज्ञावलीच्या गुणफलकांपुढे हाच पेच आहे. बहुतेक खेळांत गुण खेळाडूच्या घरच्या संगणकावर मोजले जातात आणि मग सर्व्हरकडे धाडले जातात. खोटे आकडे येऊ नयेत म्हणून खेळातच एखादी गुप्त किल्ली दडवावी, तर खुल्या आज्ञावलीत ती कोणालाही दिसते. बंद आज्ञावलीत ती शोधण्यास चार दिवस अधिक लागतात, इतकेच. तेव्हा एक तर खेळ सर्व्हरने स्वतः पडताळायचा, नाही तर चित्रीकरण मागवून माणसांनी तपासायचे.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे 'लीचेस'. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये सुरू केलेले हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ देणग्यांवर चालते, जाहिराती घेत नाही आणि सर्व्हरची आज्ञावलीही उघड ठेवते. प्रत्येक चाल सर्व्हर तपासतो. हरलेला डाव जिंकल्याचे कळविण्याची सोयच नाही. ती चाल खेळाडूने स्वतःच्या डोक्याने केली की शेजारच्या संगणकाला विचारून, हे मात्र सर्व्हरला दिसत नाही. २०२१ मध्ये एका भारतीय उद्योजकाने मदतनिधीसाठीच्या सामन्यात विश्वनाथन आनंद यांना संगणकाच्या साह्याने हरविले आणि लगेच कबुलीही दिली. तो सामना लीचेसवर नव्हे, तर बंद आज्ञावलीच्या संकेतस्थळावर झाला होता!

दुसरा मार्ग अधिक निसरडा. 'ड्रॅगस्टर' या खेळातील टॉड रॉजर्स यांचा १९८२ चा ५.५१ सेकंदांचा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ मान्य होता. खेळाच्या आज्ञावलीची उकल करून ५.५७ सेकंदांहून कमी वेळ शक्यच नसल्याचे दाखविले गेले, तेव्हा २०१८ मध्ये 'ट्विन गॅलॅक्सीज' या नोंदसंस्थेने तो रद्द केला. २०२० मध्ये 'माइनक्राफ्ट'मध्ये 'ड्रीम' या लोकप्रिय खेळाडूला २६२ सौद्यांत ४२ वेळा हवी ती वस्तू मिळाली. एरवी ती शंभरात पाच वेळाही मिळत नाही. स्वयंसेवी तपासनीसांनी २९ पानांचा अहवाल प्रसिद्ध करून, असे नशीब साडेसात लाख कोटींत एखाद्या वेळी लाभेल, असा हिशेब मांडला. त्यावर आक्षेप आले, प्रत्युत्तरेही आली. अखेर मे २०२१ मध्ये खेळात फेरफार करणारी आज्ञावली आपल्या संगणकावर होती, हे त्याने मान्य केले. ते नकळत घडले, असे त्याचे म्हणणे. येथे खेळाची आज्ञावली खुली नव्हती, तपासाची रीत मात्र खुली होती, आणि म्हणूनच हिशेब कोणालाही ताडून पाहता आला.

पण लबाड खेळाडूंपेक्षा मोठा धोका दाराच्या आत असतो. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत साधनात चोरवाट आढळली. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून, ते साधन एकट्याने सांभाळणाऱ्या थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादन केला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब खटकला, म्हणून ते उघडकीस आले. जगभरचे सर्व्हर ज्यावर अवलंबून, त्याची ही गत. मग हौशी गुणफलकाकडे कोण बारकाईने पाहणार? त्याच्या सर्व्हरची किल्ली बहुधा एकदोघांकडेच असते. प्रसिद्ध केलेली आज्ञावली आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर चालणारी आज्ञावली एकच आहे, हेही बाहेरच्याला तपासता येत नाही. आणि तेथे नोंदविलेला परवलीचा शब्द अनेकांच्या ई-मेलचाही असतो.

लीचेस गुणांकनासाठी खेळलेल्या डावांचा साठा दर महिन्याला सर्वांसाठी खुला करते. ज्याला शंका असेल त्याने तो उतरवून घ्यावा आणि मोजावा. परवलीच्या शब्दांच्या बाबतीत अशी सोय कोणालाच करता येत नाही. तेथे सर्व्हर सांभाळणाऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि त्याचे नाव बहुतेक खेळाडूंना ठाऊकही नसते.