नगरातील मंडळी आणि तिची कसोटी

वाचकहो, शेगावच्या फलाटावर उतरणाऱ्या यात्रेकरूस कोणी जात विचारीत नाही. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या वऱ्हाडी गावी १९१० साली गजानन महाराजांची समाधी झाली, आणि तेव्हापासून येथे येणाऱ्यांचा ओघ वाढतच गेला. यात्रेकरू येतो, पंगतीस बसतो, दुसऱ्या दिवशी निघून जातो. परंतु जो नोकरीसाठी, शिक्षणासाठी वा मजुरीसाठी येथे राहावयास येतो, त्याची गोष्ट वेगळी. भाड्याची खोली पाहण्यास तो दारात उभा राहिला की घरमालकाचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो. एका रात्रीचा पाहुणा माणूस म्हणून खपतो. कायमचा शेजारी मात्र जातीच्या ताजव्यात तोलला जातो. हे एकट्या शेगावचे नव्हे, महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या नगराचे चित्र आहे.

जो धर्म नगरात आपली मंडळी उभी करू पाहतो, त्याला या दारातील प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. सुवार्तावादी ख्रिस्ती पंथांनी नगरांत मंडळ्या रुजविण्याचे व वाढविण्याचे एक शास्त्रच बनविले आहे. त्याच्या तत्त्वांची परीक्षा आज आम्ही करणार आहोत. आम्हास कोणाचा उपहास करावयाचा नाही. ज्या जोतीरावांनी आम्हास वाट दाखविली, त्यांचे शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. परंतु धर्मांतर हा ज्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता, त्यांना इतरांच्या धर्मांतराचा हिशेब तपासण्याचा अधिकार आहे. आणि तपासता तपासता स्वतःचा हिशेबही मांडणे हे कर्तव्य आहे.

या शास्त्रातील सर्वांत जुने तत्त्व स्वावलंबनाचे. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे प्रतिपादन केले, की मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा. अँडरसन १८५४-५५ साली स्वतः मराठी मुलखात आले. इंग्रजी शाळांपेक्षा मराठीतून उपदेश आणि देशी पाळक यांवर त्यांनी भर दिला. तत्त्व निःसंशय चांगले होते. आचरण कसे झाले? वऱ्हाडात खामगाव, अकोला या गावी अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणी मांडली. पुढे शतक संपता संपता दुष्काळ पडले आणि मिशनांच्या आश्रयास अनाथ मुले आली. त्यांचे प्राण वाचले, ही मोठीच भूतदया होय. परंतु जी मंडळी मिशनच्या आवारात जन्मते, मिशनच्या शाळेत शिकते आणि मिशनच्याच पगारावर जगते, ती बंगल्याकडे पाहण्याची सवय सहजी सोडीत नाही. देणारा आणि घेणारा एका बाकावर बसले, तरी ते एका पातळीवर बसत नाहीत.

हे शल्य ख्रिस्ती समाजातील विचारवंतांनाही बोचत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बावीस वर्षे मिशनची सेवा केली आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना तेथे मुभा होती. उपासनेची भाषा अभंगाची आणि कीर्तनाची होती. १९१९ साली टिळक निवर्तले आणि प्रयोग पुढे वाढला नाही. पण परक्याच्या पैशावर आणि परक्याच्या चालीवर धर्म रुजत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरे तत्त्व याहून गंभीर आहे. त्याचे प्रणेते डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली दमोह येथे, म्हणजे वऱ्हाड पुढे ज्या मध्यप्रांताशी जोडला गेला त्याच प्रांतात जन्मले आणि तेथेच मिशनरी म्हणून राबले. १९५५ च्या 'ब्रिजेस ऑफ गॉड' या ग्रंथात त्यांनी मांडलेला विचार १९७० च्या 'अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ' मध्ये सिद्धान्त बनला. तो असा, की वंश, भाषा वा वर्ग यांची सीमा ओलांडावी न लागता ख्रिस्ती होता आले तर माणसे अधिक संख्येने ख्रिस्ती होतात. म्हणून प्रत्येक समूहाने आपापल्या मंडळीत यावे. जगभरच्या नगरांत मंडळ्या रुजविणाऱ्यांनी हा मंत्र उचलला.

या विचारातील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. एकटादुकटा धर्मांतरित आप्तांपासून तुटतो, त्याला मुलीचे स्थळ मिळत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समुदायाने एकत्र दीक्षा घेतली ती काय उगाच? समूहाने उठण्यातील बळ आम्ही अनुभवले आहे. परंतु समूहाने उठणे वेगळे आणि समूहातच बसून राहणे वेगळे! उंबरठा ओलांडण्यासाठी जातबांधवांचा हात धरला, तर तो आधार होय. उंबरठ्याच्या आत पुन्हा जातीचीच भिंत घातली, तर तो विश्वासघात होय. आणि नगरात तर या भिंतीस काडीचेही निमित्त नाही. खेड्यात वाडा वेगळा, पाणवठा वेगळा. नगरात नळ एक, कारखाना एक, शाळा एक. जेथे भिंत आपोआप ढासळू लागते, तेथे धर्माने गवंडीकाम करावे काय?

पूज्य बाबासाहेबांनी हा दोष फार पूर्वी दाखविला होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरास भारतीय ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला, आणि त्याचबरोबर दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावर बोटही ठेवले. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील त्यांचे लिखाण १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. मिशनांच्या शाळा-इस्पितळांचा लाभ वरच्या वर्गांनी उचलला आणि धर्मांतरित अस्पृश्य होता तेथेच राहिला, हा त्यातील युक्तिवाद वाचून कोणता प्रामाणिक पाळक अस्वस्थ होणार नाही?

कायद्यानेही त्या बांधवांची कोंडी केली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यास तो नाही. मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती १९८५ साली फेटाळली गेली. समाज त्याची जात विसरत नाही आणि सरकार ती मान्य करीत नाही! आम्ही स्वतः चौतीस वर्षे हे सोसले; म्हणून त्यांच्या मागणीस विरोध करणे आम्हास शोभणार नाही.

तसेच त्यांच्या प्रचाराच्या हक्काचे. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. बुलढाणा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. समितीचा अहवाल १९५६ साली आला आणि त्याने मिशनऱ्यांच्या धर्मप्रसारावर कडक निर्बंध सुचविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच न्यायमूर्ती नियोगींनी नागपुरास बाबासाहेबांसमवेत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली! धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य किती मोलाचे, हे यावरून उमजावे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. आज चर्चच्या दारावर पडणारे कुलूप उद्या विहाराच्या दारावर पडणार नाही, या भ्रमात कोणी राहू नये. आमिष आणि जुलूम यांस आमचा विरोध आहे. मन वळविण्यास नाही.

आता स्वतःचा हिशेब. खर्च आपला, कारभार आपला, प्रसार आपला, ही तिन्ही सूत्रे बाबासाहेबांनी आम्हास आमच्या भाषेत दिली होती. उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास द्या, असे ते नागपुरास म्हणाले. दीक्षा देण्याचा अधिकार त्यांनी प्रत्येक बौद्धास दिला. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापिली. तरी आमची किती विहारे बुद्धपौर्णिमा आणि चौदा एप्रिल सोडून उघडी असतात? विसावा भाग किती घरांतून निघतो? आमच्या विहारात पूर्वाश्रमीच्या एकाच जातीची माणसे का दिसतात? मातंग, चांभार, कुणबी बांधव दारापर्यंत आला, तर त्याच्यासाठी सतरंजीवर जागा करणारा कोणी आहे काय? मॅकगॅव्हरन यांनी जे सिद्धान्त म्हणून सांगितले, ते आम्ही न सांगता आचरणात आणले असेल, तर त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार तेवढ्यापुरता संपला.

म्हणून वाचकहो, मंडळी असो वा संघ, नगरातील धर्मसंस्थेची वाढ उपस्थितीच्या वहीवरून मोजू नका. तिच्यात दोन जातींची किती लग्ने लागली, नव्याने गावात आलेल्या किती जणांना तिने आडनाव न विचारता खोली मिळवून दिली, आणि बाहेरची देणगी थांबल्यावरही तिच्या दारातला दिवा किती दिवस तेवत राहिला, ते मोजा. येत्या रविवारी आपल्या गावच्या विहाराचे कुलूप उघडा आणि सतरंजी अंथरा. ती पूर्ण अंथरा. अर्धी गुंडाळलेली ठेवू नका.