गाडी पुन्हा पुन्हा तापते? आधी वही काढा



आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल आज गाडीच्या चाकावर पेटते. कुणाची टॅक्सी आहे, कुणाचा टेम्पो, कुणाची शाळेच्या मुलांची व्हॅन. गाडी उभी राहिली की हप्ता थकतो आणि हप्ता थकला की घरात बोलाचाली सुरू होते. म्हणून या खेपेला इंजिन तापण्याविषयी लिहितो.

माझा मेहुणा कल्याणला शाळेची व्हॅन चालवतो. गाडी जुनी, सीएनजीची. उन्हाळ्यात ती तापू लागली. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट काढून टाकला. चार दिवस बरे गेले, काटा पुन्हा वर. मग रेडिएटर बदलला. मग हेड उघडून गॅस्केट टाकले. महिन्याभरात तेच दुखणे. तीन बिले भरून झाल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, "दाजी, विकूनच टाकतो आता ही गाडी."

मी म्हटले, "विकशील रे, पण आधी मला सांग, ती तापते कधी?"

त्याला सांगता येईना. सांगितले ते वहिनीने. पाण्याची बाटली रोज तीच भरून देत होती. तिने मुलाच्या जुन्या वहीत टिपून ठेवले होते: रोज अर्धा लिटर पाणी कमी होते, गाडीखाली थेंब पडत नाही, रिकामी गाडी बरी चालते, मुले भरली की पुलाच्या चढावर काटा चढतो.

निम्मे निदान या चार ओळींतच होते. कसे, ते पाहा.

गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि धावू लागली की थंड होते, तर आधी पंखा तपासा. त्याची मोटर, फ्यूज, रिले, वायर. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच वारा देतो.

वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी नीट फिरत नसेल. रेडिएटर आतून क्षाराने भरलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. इंजिन तापले असताना वरचा होज गरम आणि खालचा गारच राहिला, तर संशय इथेच घ्यावा. (हात लावताना पंख्यापासून जपा, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.)

दुरुस्ती झाल्याबरोबर तापू लागली, तर आत हवा अडकली असेल. सीएनजी किटच्या रेड्यूसरलाही बहुधा इंजिनाच्याच गरम पाण्याच्या नळ्या जातात. त्या काढून जोडल्या की हवा शिरते. पाणी हळूहळू भरावे, हीटर गरमवर ठेवावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवावे आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

टोपण विसरू नका. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. दाबामुळेच आतले पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. टोपणाचे रबर कडक झाले तर दाब टिकत नाही आणि पाणी उकळून बाहेर जाते.

आता मेहुण्याची गाडी. पाणी कमी होते, पण खाली गळत नाही; मग ते जाते कुठे? सकाळी इंजिन पूर्ण गार असताना आम्ही टोपण काढले, पाणी काठोकाठ भरले आणि इंजिन चालू केले. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात. हे थांबेनात. रेस दिली की वाढत. म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. गॅस्केट नवे होते, तरीही!

कारण साधे. हेड ॲल्युमिनियमचे. इतक्या वेळा तापून ते वाकले होते. वाकड्या हेडवर नवे गॅस्केट टाकले तर ते किती दिवस टिकणार? हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहावे लागते. लहान इंजिनांत साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. आम्ही हेड मशीन शॉपला देऊन फेसिंग करून घेतले. बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर अशा क्रमाने कसले. काढून टाकलेला थर्मोस्टॅटही नवा बसवला. तो काढल्याने रोग जात नाही. इंजिन हवे तितके गरम व्हायला वेळ लागतो आणि इंधन जास्त जाते. नळाच्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंट भरले. तेव्हापासून गाडी तापलेली नाही.

चालकांनी एवढे पाळावे. काटा वर गेला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, मुलांना सुरक्षित जागी उतरवा, इंजिन बंद करा. गरम टोपण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला असेल. आणि ऑइल दुधाळ दिसले तर गाडी चालवू नका, टोचन लावून न्या.

गॅरेजवाल्याशी भांडण नको, पण प्रश्न जरूर विचारा. "काय बदलले?" एवढ्यावर थांबू नका. "का बदलले, आणि तपासले कशाने?" हेही विचारा. जुना भाग मागून घ्या. हेड उघडले असेल तर फेसिंगची पावती मागा. घामाचा पैसा आहे आपला.

आणि वहिनीसारखी एक वही गाडीत ठेवा. तारीख, किती पाणी घातले, कुठे तापली, काय बदलले. पुढच्या वेळी गॅरेजात शिरताना पाकिटाआधी ती वही बाहेर काढा.