शारदेचे वय आणि आपली कात्री

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन पाळला जातो. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. सातारा जिल्ह्यातील भाडळे येथे जन्मलेले सौदागर गोरे ‘बालमोहन’ नाटक मंडळीत मुलगा म्हणून दाखल झाले आणि ‘छोटा गंधर्व’ या नावाने महाराष्ट्राला परिचित झाले. असा वारसा असलेल्या या दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांनी जुनी संगीत नाटके मुलांच्या हाती द्यावीत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वाद आहे तो ती कोणत्या रूपात द्यावीत, याविषयी.

मूळ रूपात ती देता येणार नाहीत, हे उघड आहे. रात्ररात्र चालणारे प्रयोग आणि पदांची रेलचेल, ही त्या काळच्या रसिकतेची गरज होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. त्याच्याकडून ध्वनिमुद्रिकेतील तानांची नक्कल चढ्या पट्टीत करवून घेणे म्हणजे त्याच्या गळ्याशी खेळणे होय. तेव्हा प्रयोग दीड तासाचा करावा, आठ-दहाच पदे ठेवावीत, पट्टी मुलांच्या गळ्याप्रमाणे बदलावी, एकाच पात्राची पदे प्रसंगी दोघांत वाटून द्यावीत. ही कात्री नाटकाच्या अंगावरील वस्त्रापुरती असते. तिने नाटकाला इजा होत नाही.

परंतु आपली कात्री बहुधा येथे थांबत नाही. ‘मुलांना हे कसे शोभेल?’ या सबबीखाली ती नाटकाच्या काळजापर्यंत जाते. ‘संशयकल्लोळ’मधील रेवती कलावंतिणीच्या घरातली आहे हे गाळले, की अश्विनशेठच्या प्रेमाला आणि त्याच्या संशयाला अर्थच उरत नाही. ‘शारदा’ नाटकातील भुजंगनाथ केवळ विनोदी थेरडा करून टाकला, पैशासाठी मुलगी विकावयास निघालेला कांचनभट सौम्य केला आणि जीव द्यावयास निघालेली शारदा वगळली, तर शिल्लक राहतो तो स्नेहसंमेलनातील एक हसरा कार्यक्रम. देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेले नाटक ते नव्हे.

अमेरिकेत प्रौढांच्या संगीतिकांच्या शालेय आवृत्त्या रीतसर तयार केल्या जातात. तेथेही हे दोन्ही मार्ग दिसतात. ‘इन्टू द वूड्स’ या १९८७ च्या संगीतिकेच्या बालआवृत्तीत पहिला अंक तेवढा ठेवला आहे. मनोरथ पुरे होतात आणि पडदा पडतो. त्या मनोरथांची किंमत सांगणारा दुसरा अंक मुलांना भेटतच नाही. उलट ‘ले मिझेराब्ल’च्या शालेय आवृत्तीत लांबी कमी केली, स्वर बदलले, पण दारिद्र्य, अन्याय आणि मरण जागच्या जागी ठेवले. अनुकरण करावयाचे असेल तर ते या दुसऱ्या मार्गाचे व्हावे.

आणि देवल स्वतः रूपांतरकारच नव्हते काय? मोलिएरचे कथानक इंग्रजीमार्गे घेऊन त्यांनी प्रथम ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले. त्याचेच पुढे १९१६ साली संगीत ‘संशयकल्लोळ’ झाले. देश बदलला, माणसे बदलली, गद्याचे संगीत झाले. संशयाचे बोचणे मात्र कायम राहिले.

सर्वच नाटके सर्व वयांना झेपतील असे नव्हे. ‘एकच प्याला’तील सुधाकर शाळकरी मुलाने केला तर दारूड्याची नक्कल होईल आणि नेमक्या शोकाच्या जागी हशा पिकेल. असे नाटक कापून सोपे करण्यापेक्षा न करणे बरे. कसोटी एकच असावी: नाटकातील दुःख त्या वयाला समजणारे आहे काय? ‘शारदा’ या कसोटीला पुरेपूर उतरते, कारण ते दुःख त्याच वयाचे आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा’ या नावाने ओळखला गेला, तो हरबिलास सारडा यांच्यामुळे. नाटकाशी त्याचे नामसाम्य हा केवळ योगायोग. पुढे १९७८ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वीच झाल्याचे आढळले. ज्या वर्गात ‘शारदे’ची तालीम व्हावयाची, त्याच वर्गातील एखादे बाक उद्या याच कारणाने रिकामे होऊ शकते. त्या मुलींपासून शारदेचे दुःख लपवून आपण नेमके कोणाचे रक्षण करतो?

देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या नाटकांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे. आता कायदा आपल्याला अडविणार नाही. म्हणूनच विवेकाने अडविले पाहिजे. शिक्षकांनी पदे खुशाल कमी करावीत, प्रवेश जोडून घ्यावेत. मात्र लेखणी चालविण्यापूर्वी संपूर्ण नाटक मुलांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे आणि काय गाळू नये हे त्यांनाही विचारावे. आपण समजतो त्यापेक्षा ती अधिक जाणती असतात.