वाळू कुणाच्या बापाची, कोर्ट कुणाच्या बापाचं

हसा, खुशाल हसा. पिकलबॉल हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. लोणच्याचा चेंडू! पण गेली तीन वर्षं सिअ‍ॅटलच्या पावसातनं कोरडा दिवस शोधून मी हा खेळ खेळतोय. आणि या उन्हाळ्यात पंधरा दिवसांची रजा टाकून पॅसिफिक समुद्राच्या काठाकाठानं लॉस एंजेलिसपर्यंत खेळत जायचं ठरवलंय. आज खेळलो, उद्या पुढचं गाव. वाटलं होतं, नकाशा घ्यायचा, हॉटेलं लिहायची, झालं. पण ठरवायला बसलो आणि डोकं भणभणलं. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडकं. कोर्ट २० फूट बाय ४४, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढं. जाळी मधोमध ३४ इंच. हातात फळीसारखं पॅडल, चेंडू प्लास्टिकचा, भोकंभोकं पडलेला. सर्व्हिस खालून. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा, त्याला म्हणतात किचन. त्यात उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. (किचनमध्ये शिरायला बंदी! आमच्या आज्यांना हा नियम शिकवायची गरज नव्हती.) ११ पॉइंटांचा गेम. खर्च कमी, दम बेताचा. सत्तरीचा म्हातारा विशीच्या पोराला घाम फोडतो, हे मी रोज बघतो. आपल्याकडं हा खेळ आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी, २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटनाही झाली. आता मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्यानं कोर्टं मिळतात. भाडं परवडलं तर.

तर पहिला प्लॅन माझा नव्हताच. आमच्या भागात आपल्याकडच्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मराठी, गुजराती, तेलुगू, सगळे. शनिवारी हॉल भाड्यानं घेऊन खेळतात. त्यांनी तीन गाड्यांची ट्रिप काढली. सगळं एक्सेलमध्ये. कुठलं रिसॉर्ट, कोर्ट किती, नाश्ता फुकट का विकत. मीही नाव दिलं. पहिलं नाव चाललं. मग एक काका जवळ आले, "आडनाव काय म्हणालास? मूळ गाव कुठलं?" सांगितलं. लपवायचं कशाला? "अच्छा, अच्छा," म्हणाले. हे अच्छा-अच्छा काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढच्या शनिवारी गेलो तर जोड्या आधीच ठरलेल्या. आठवड्यानं मेसेज आला, गाड्या फुल्ल झाल्या, सॉरी.

पुरावा काय? काही नाही. गाड्या खरंच फुल्ल झाल्या असतील. आपलं आयुष्य असल्या "असतील"वरच गेलंय. सिअ‍ॅटलनं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. नोकरीला कायदा लागतो, घराला लागतो, हॉटेलाला लागतो. डबल्सच्या जोडीला कुठला कायदा लावणार? डबल्सला चार माणसं लागतात. तीन आणि मी मिळून चार होत नाहीत, हे गणित मी साता समुद्रापलीकडं येऊन शिकलो.

तेव्हापासनं मी सरकारी बागेतल्या कोर्टावर जातो. तिथं कुंपणाला एक रॅक टांगलेला असतो. आलात की पॅडल रांगेत लावायचं. पुढची चार पॅडलं ज्यांची, ते चौघं आत. कुणाबरोबर पडाल ते पॅडल ठरवणार. परवा माझ्या बाजूला एक जज्ज होता आणि समोर हॉटेलात भांडी घासणारा मेक्सिकन पोरगा. पोरानं आम्हाला ११-३ नं धुतलं. गोरेही एकमेकांत गट करतात, चांगला खेळणारा नवख्याला टाळतो, सगळं आहे. स्वर्ग नाही तो. पण रांग ही रांग आहे. तुमचा नंबर आला की तुम्हाला आत घ्यावंच लागतं.

या रॅकशीच माझी एका म्हाताऱ्याशी ओळख झाली. काळा माणूस, लॉस एंजेलिसात वाढलेला, इथं येऊन जन्मभर बस चालवून रिटायर झालेला. त्याला ट्रिपचं सांगितलं तर म्हणाला, आमच्या घरी ट्रिप म्हणजे आधी पुस्तक. त्याच्या बापाच्या गाडीत ग्रीन बुक असायचं. हार्लेमच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ पासून काढलेलं. कुठल्या गावात काळ्याला खोली मिळते, कुठं जेवण मिळतं, कुठं केस कापून देतात, त्याची यादी. नागरी हक्कांचे कायदे आल्यावर साठीच्या दशकात ते छापणं थांबलं. आपल्या आजोबांना छापील पुस्तक लागत नव्हतं. कुठल्या गावात पाणी वरनं ओततात, कुठल्या हाटेलात कप वेगळा ठेवतात, सगळं तोंडपाठ. एक्सेलवाल्यांनी प्लॅनिंगच्या गोष्टी आम्हाला सांगू नयेत.

मग आम्ही आमचा नकाशा करायला घेतला. मी, हा म्हातारा, आणि माझा नागपूरचा दोस्त. दोस्ताची अट एकच, गादी मऊ पाहिजे. माझी अट, मुक्काम तिथंच जिथं कोर्ट सगळ्यांना खुलं आणि किनाराही खुला. दोस्त वैतागला, "काऊन बे, सुट्टीत पण मोर्चाच काढतो का?" काढतो. तू गादीवर झोप.

सुरुवात कुठनं? जिथं खेळ जन्मला तिथनं. सिअ‍ॅटलहून बोटीनं ३५ मिनिटांवर बेनब्रिज बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड या राजकारण्याच्या तिथल्या सुट्टीच्या घरी पोरं कंटाळली. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, फूल सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा चेंडू घेऊन प्रिचर्ड आणि त्याचा मित्र बिल बेल यांनी हा खेळ जुळवला, नंतर बार्नी मॅकलम येऊन मिळाला. छान गोष्ट आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं पिकलबॉलला राज्याचा खेळ केलं. सगळे हीच गोष्ट सांगतात.

पण त्याच बेटावर, त्याच्या २३ वर्षं आधी, ३० मार्च १९४२ ला, सैनिकांनी बंदुका घेऊन २२७ जपानी वंशाच्या माणसांना धक्क्यावर नेलं आणि बोटीत बसवलं. स्ट्रॉबेरीची शेती करणारी माणसं. कितीतरी जण अमेरिकेतच जन्मलेले. आवराआवरीला सहा दिवस. तिथनं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, मान्झनारच्या छावणीत. देशभर जे पुढं झालं त्याची सुरुवात या बेटावरनं झाली. त्या धक्क्यावर आता स्मारक आहे, लाकडाची लांब भिंत, तीवर नावं. प्रिचर्डचा यात दोष नाही, मी तसं म्हणतही नाही. मी एवढंच म्हणतो की पहिल्या दिवशी सकाळी कोर्ट आणि दुपारी धक्का. दोन्ही बघायचं. नुसतं कोर्ट बघून सेल्फी काढून निघायचं असेल तर एक्सेलवाल्यांबरोबर जा.

पुढं ओरेगन. इथं १०१ नंबरचा रस्ता समुद्राला धरून सुमारे ५८० किलोमीटर जातो. खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं : जुलै ते सप्टेंबर जा, एरवी पाऊस कोर्ट वाळू देत नाही. खेळ सकाळी, गाडी दुपारी, कारण दुपारनंतर समुद्रावरनं असला वारा सुटतो की बावीस-पंचवीस ग्रॅमचा चेंडू तुमचा राहत नाही. गारठ्यात चेंडू तडकतात, जास्तीचे घ्या. घडीची जाळीही घ्या. कुठल्या गावात नुसत्या रेषा असतात आणि जाळी नसते. दोस्तानं जाळी विकत आणली. मऊ गादीचे पैसे त्यातच गेले.

ओरेगनची वाळू मात्र खरोखर सगळ्यांची आहे. १९१३ मध्ये ऑस्वल्ड वेस्ट या गव्हर्नरानं युक्ती केली, भरती-ओहोटीचा ओला किनारा हा सार्वजनिक हमरस्ता असल्याचा कायदा करून घेतला. रस्ता म्हटल्यावर विकता येत नाही! १९६६ मध्ये कॅनन बीचच्या एका मोटेलनं कोरड्या वाळूवर कुंपण घातलं, बाहेरच्यांना हाकललं, तेव्हा लोक खवळले आणि १९६७ मध्ये बीच बिल आलं. झुडपांच्या रेषेपर्यंतची वाळू लोकांची. वाचून मी टेबलावर हात आपटला. मग म्हाताऱ्यानं शांतपणे दुसरी तारीख सांगितली. काळ्या माणसानं ओरेगनात येऊन राहायचं नाही, असं कलम या राज्याच्या घटनेतच होतं. कायद्यानं ते केव्हाच मेलेलं, पण लिहिलेलं होतं, आणि ते काढलं १९२६ ला. म्हणजे १९१३ ला किनारा "सगळ्यांचा" झाला तेव्हा त्या सगळ्यांत हा नव्हता. सगळे म्हणजे कोण, हे दर वेळी विचारावं लागतं.

कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या दक्षिणेला मार्टिन्स बीच आहे. तिथला रस्ता लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरायचे. विनोद खोसला या अब्जाधीशानं २००८ मध्ये भोवतालची जमीन घेतली आणि पुढं फाटकाला कुलूप पडलं. लोक कोर्टात गेले. परवानगीशिवाय रस्ता बंद करता येणार नाही, असा निकाल लागला. खोसला पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१८ मध्ये त्यांनी त्याचं अपील ऐकायलाच नकार दिला. हा गृहस्थ जन्माला कुठं आला? पुण्यात. बोला आता.

कार्मेल वगळायचं ठरलं. सुंदर, श्रीमंत गाव. शेजारीच पैसे भरून गाडी घालायचा खासगी रस्ता. २०२५ मध्ये आवाजाच्या तक्रारीवरनं तिथल्या नगरपालिकेनं बागेतल्या पिकलबॉलवर बंदी आणली. आवाज होतो हे खरं आहे, टॉक-टॉक-टॉक, खिडकीखाली दिवसभर ऐकणाऱ्याचं डोकं फिरणारच. पण वेळ ठरवता येते, मऊ चेंडू येतात. एकदम कुलूप लावलं की अंगण असलेला आपल्या अंगणात खेळतो आणि बाकीचे घरी बसतात. बिग सरच्या रस्त्यावर दरडी कोसळत असतात, निघण्याआधी चौकशी करायची, बंद असला तर आतनं वळसा. ओकलंडला एक चक्कर नक्की. १९६६ ला ब्लॅक पँथर तिथं उभे राहिले म्हणून १९७२ ला मुंबईत आपण तेच नाव घेतलं. तिथल्या सरकारी कोर्टावर एक गेम तर झालाच पाहिजे.

आणि शेवटचा मुक्काम म्हाताऱ्यानं ठरवला. लॉस एंजेलिसजवळ मॅनहॅटन बीच. विला ब्रूस या काळ्या बाईनं १९१२ मध्ये तिथं समुद्राकाठी १,२२५ डॉलरला जमीन घेतली. नवरा चार्ल्स आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये खानसामा. बाईनं खाणावळ काढली, कपडे बदलायच्या खोल्या बांधल्या, नाचायला हॉल केला. रविवारी काळी कुटुंबं पोराबाळांसकट यायला लागली. गोऱ्यांच्या पोटात दुखलं. समोरच्या वाळूवर दोर बांधले, पाट्या ठोकल्या. पाण्यात जायचं तर अर्धा मैल वळसा. पाणी समोर. दिसतंय. लाटेचा आवाज येतोय. आणि जायचं वळसा घालून. सांगता सांगता म्हातारा थांबला, "तुला समजतंय ना?" मी म्हटलं, बाबा, अक्षर ओळखायच्या आधीपासून समजतंय.

तरी माणसं येतच राहिली. मग १९२४ मध्ये नगरपालिकेनं बागेच्या नावाखाली जमीन सक्तीनं काढून घेतली. भरपाई १४,५०० डॉलर. बाग कसली, कित्येक वर्षं नुसता मोकळा तुकडा. वर किनारा एका गोऱ्याला नाममात्र भाड्यानं देऊन टाकला, म्हणजे तो "खासगी", म्हणजे काळ्याला हाकलायला मोकळे. तेव्हा १९२७ च्या जुलैत काळी माणसं मुद्दाम त्या पाण्यात उतरली. अटक झाली. भाडेपट्टा गुंडाळावा लागला.

१९२७ चा जुलै. वहीत तारीख लिहिली आणि पेन थांबला. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले होते. चार महिन्यांचं अंतर. म्हाताऱ्याला महाडचं सांगितलं. तळ्यावरनं परतल्यावर आपल्या लोकांची डोकी कशी फोडली, तळं शेण-गोमूत्रानं कसं "शुद्ध" केलं, सगळं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, पाण्याला काय झालं होतं?

२०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीनं ती जमीन ब्रूस घराण्याच्या वारसांना परत दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी ती काउंटीलाच जवळपास दोन कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. काहींनी नाकं मुरडली, एवढी मिळालेली जमीन विकली! जमीन त्यांची, मर्जी त्यांची. गोरा विकतो तेव्हा त्याला बाजार म्हणतात.

तर असा प्लॅन आहे. ऑगस्टचा पहिला शनिवार, सकाळची बोट. म्हातारा गुडघ्याला पट्टा बांधून येतोय, पोहायची चड्डी त्यानं आत्ताच घेतलीय. दोस्त गाडी चालवणार, कुरकुर करत. तिघं झालो. चौथी जागा रिकामी आहे. येणाऱ्यानं फक्त पॅडल आणायचं, चेंडू आमच्याकडं आहेत.