पानात पडेल ते, पण पैसे मोजून

पानात पडेल ते निमूटपणे खावे, अन्नाला नावे ठेवू नयेत, हा संस्कार मराठी घरात मुलावर अक्षरओळखीच्या आधी होतो. त्यामागे शहाणपण आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एकीकडे कृष्णाकाठचा ऊस डोलतो, तर दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेला आहे. अशा मुलखात भाकरीच्या तुकड्याला नाव ठेवणे हा कृतघ्नपणा मानला गेला, यात नवल नाही. शिवाय घरी रांधणारीला तिच्या श्रमांचा मोबदला कोणी देत नाही. निदान तिच्या हातच्या पदार्थाला बोल तरी लावू नये, एवढी मर्यादा या संस्काराने सर्वांना पाळायला लावली.

परंतु हाच संस्कार घराचा उंबरठा ओलांडून हॉटेलात गेला, की त्याचा अर्थ बदलतो. हॉटेलातले ताट यजमानाने मांडलेले नसते. त्याची किंमत फलकावर लिहिलेली असते आणि गल्ल्यावर ती मोजून घेतली जाते. जेथे व्यवहार आहे तेथे हिशेब आला आणि हिशेबाबरोबर मत देण्याचा अधिकारही आला. हा अधिकार या गावांतून आजवर कोणी फारसा नीट बजावला नाही. गेल्या दहापंधरा वर्षांत मोबाइलच्या रूपाने तो एकदम प्रत्येकाच्या हाती पडला आणि ज्या समाजाला अन्नाविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय नव्हती, तो एकाएकी ओरडू लागला. हॉटेलांचे परीक्षण कोणी, कसे आणि कोणत्या अधिकाराने करावे, हा प्रश्न त्यामुळे आज गंभीरपणे विचारात घेण्याजोगा झाला आहे.

पैसे देताना मालकाने ‘कसे काय झाले जेवण?’ असे विचारले, की गिऱ्हाईक ‘उत्तम’ म्हणून बाहेर पडते. रस्सा पाणचट होता, भाकरी गार होती, हे ते सांगत नाही. कारण मालक परका नसतो. त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात असतो, भाऊ पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असतो आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती त्याच्याच नावाने फाडायची असते. मग तेच गिऱ्हाईक घरी जाते आणि टोपणनावाने गुगलच्या नकाशावर एक तारा ठेवून मोकळे होते. भीड ही भिकेची बहीण, असे जुने लोक म्हणत. तोंडावरची भीड ही पाठीमागच्या निंदेचीही बहीण असते, हा त्यापुढचा अनुभव आहे.

सातारा आणि सांगली या दोन शहरांत हे दुखणे दोन निराळ्या रीतींनी दिसते. सातारा पुणे-बंगळूर महामार्गावरचे गाव. महाबळेश्वर-पाचगणीची वर्दळ, कासच्या फुलांचा हंगाम आणि दक्षिणेकडे जाणारा प्रवासी यांच्यामुळे येथील हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसलेला मनुष्य पुष्कळदा परगावचा असतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली; त्यांत कासचाही समावेश होता. तेथील फुले पाहण्यास येणारा प्रवासी त्याच खानावळीत पुन्हा येण्याचा संभव थोडा. घाईत आणि भुकेत घेतलेल्या एका जेवणावरून तो निकाल देतो आणि अशा निकालांच्या बेरजेवर साताऱ्याच्या खानावळीची कीर्ती ठरते.

सांगलीचे उलट आहे. पुण्याकडून सांगलीला जायचे तर महामार्ग पेठ नाक्याशी सोडून आत वळावे लागते. हळद, गूळ आणि बेदाणा यांच्या बाजारासाठी आलेला व्यापारी, मिरजेच्या दवाखान्यांत दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक, विलिंग्डन किंवा वालचंद महाविद्यालयातला विद्यार्थी, असे येथले गिऱ्हाईक असते. ते दिवसांमागून दिवस, कधी वर्षांमागून वर्षे, एकाच ठिकाणी जेवते. कोणत्या वारी भाजी ताजी असते, आचारी कधी बदलला, आमटीत पाणी केव्हापासून वाढले, याची त्याला खडान्‌खडा माहिती असते; पण लिहिण्याचे त्याच्या मनातही येत नाही. म्हणजे ज्याला माहीत नाही तो बोलतो आणि ज्याला माहीत आहे तो गप्प बसतो.

यात नुकसान दोन्ही पक्षांचे आहे. चार टेबलांची खानावळ चालविणारी बाई पहाटे भाजी निवडते, स्वतः भाकऱ्या थापते आणि रात्री भांडी घासून दार लावते. तिच्यापाशी जाहिरातीला पैसा नसतो. एखाद्या दिवशी सिलिंडर संपला, जेवायला उशीर झाला आणि कोणी एक तारा ठेवून गेला, तर तो तारा महिनोन्‌महिने तिच्या नावाला चिकटून राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या बाजारपेठेत कृष्णेचे पाणी शिरले. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. चिखल उपसून ज्यांनी चूल पुन्हा पेटविली, त्यांची परीक्षा ताऱ्यांच्या सरासरीने होत असेल तर ती परीक्षा न्यायाची नव्हे. दुसरीकडे, दिव्यांच्या माळा आणि चकचकीत फोटो यांच्या जोरावर सुमार अन्नाचे भरमसाट पैसे घेणाऱ्याला मात्र खोट्या स्तुतीचा बाजार मोकळा राहतो. मिरजेला आजारी बापाला घेऊन आलेल्या खेड्यातल्या मुलाच्या खिशात दोन वेळच्या जेवणापुरते पैसे असतात. पोटभर, ताजे आणि रास्त दराचे जेवण कोठे मिळते, हे कोणी विश्वासाने सांगण्याची खरी गरज त्याला आहे. हॉटेलांचे परीक्षण ही चैनीतल्या लोकांची करमणूक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या मुलाचा विचार करावा.

वास्तविक सांगलीला परीक्षणाची कला परकी वाटण्याचे कारण नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगविले ते याच गावात. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म शेजारच्या हरिपूरचा, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा खुद्द सांगलीचा. मराठी नाटकाच्या मागोमाग मराठी नाट्यपरीक्षण आले. परीक्षणकर्ते नाटक पाहत, नटाच्या गद्यातला आणि गाण्यातला दोष नाव घेऊन सांगत, त्याखाली सही करीत आणि दुसऱ्या दिवशी तोच नट भेटला तर त्याच्याशी बोलतही. नाटक त्यामुळे मेले नाही, ते सुधारले. लोकांपुढे निर्णयासाठी ठेवलेल्या कृतीविषयी सद्‌भावनेने व्यक्त केलेले मत ही बदनामी नव्हे, हे तत्त्व १८६० च्या दंड संहितेतील कलम ४९९ च्या अपवादांत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ मध्येही ते राहिले आहे. ताटाला हे तत्त्व कितपत लागू पडेल, हा न्यायालयाचा विषय. परंतु नीती म्हणून ते ताटालाही शोभते. ज्याने फलक लावून गिऱ्हाईक बोलावले, त्याने आपली पाककृती लोकांच्या निर्णयासाठी ठेवलीच आहे.

जगात इतरत्र या निर्णयाला काही शिस्त लागली. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीने मोटारप्रवाशांसाठी १९०० मध्ये एक मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून उत्तम भोजनगृहांना तारा देण्यास प्रारंभ केला. तिचे निरीक्षक ओळख न देता जातात आणि बिल स्वतः चुकते करतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९५७ साली खाद्यविभागाची सूत्रे घेतलेल्या क्रेग क्लेबोर्न यांनी एकाहून अधिक वेळा जाऊन, वर्तमानपत्राच्या खर्चाने जेवून, मगच मत देण्याचा पायंडा पाडला. मोबाइलवरचा तारा हा त्याच जुन्या ताऱ्याचा वंशज आहे. मात्र वारशात चिन्ह तेवढे आले, शिस्त मागे राहिली.

ही शिस्त साताऱ्या-सांगलीत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे उघड आहे. येथे परीक्षणकर्ता दारातून आत आला, की गल्ल्यावरचा मनुष्य त्याला नावाने हाक मारील आणि त्याच्या वाटीत तर्री जरा जास्तच पडेल. तेव्हा त्याने स्वतःच्या वाटीपेक्षा शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या वाटीकडे अधिक लक्ष द्यावे. एकदा नव्हे, तीनदा जावे. गर्दीच्या रविवारी जावे तसे सुन्या मंगळवारीही जावे. श्रावणात मटणाची परीक्षा करू नये. मालकाने आग्रह केला तरी पैसे दिल्याशिवाय उठू नये. आपले नाते, उधारी किंवा भागीदारी असेल तेथील परीक्षण दुसऱ्यावर सोपवावे. आणि जे लिहायचे ते स्वतःच्या नावाने लिहावे. कारण नाव घालण्याची जबाबदारी आली, की विशेषणे आपोआप कमी होतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक हॉटेलाची परीक्षा त्याच्या स्वतःच्या दाव्यावर व्हावी. पेठ नाका ते सांगली या पट्ट्यातील धाब्यावर अख्खा मसूर मागविला, तर दाणा अख्खा राहूनही आतून मऊ शिजला आहे काय, मसाला त्यात मुरला आहे की वरून तरंगतो आहे, आणि रोटी तव्यावरून ताटात येईपर्यंत गरम राहिली काय, एवढेच पाहावे. टेबलावर फुलदाणी नव्हती म्हणून गुण कापू नयेत. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात खव्याचा खरपूस भाजलेपणा शोधावा. तो बर्फीसारखा मऊ नाही ही तक्रार अज्ञानाची आहे. सांगलीचे भडंग कुरकुरीत आहे काय आणि त्यातला लसूण जळका तर नाही ना, हे विचारावे. ‘छान’, ‘मस्त’, ‘भिकार’ या तीन शब्दांनी कोणाचेच भले होत नाही. ‘आमटी चांगली, पण दुपारी दोननंतर भात गार’ हे एक वाक्य मालकालाही उपयोगी पडते आणि गिऱ्हाइकालाही.

परीक्षणाकडून आणखी एक मोठे काम होऊ शकेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्यालाही असे मानांकन आहे. तरीही या दोन शहरांतील मोठ्या हॉटेलांची पदार्थपत्रिका उघडली, तर तीत पनीरचे आठदहा प्रकार आणि मंचुरियन ठळकपणे दिसतात. घेवड्याची उसळ शोधावी लागते. लोक मागतात ते आम्ही देतो, असे मालक म्हणतो. मिळते ते आम्ही मागतो, असे गिऱ्हाईक म्हणते. हे वर्तुळ फोडण्याचे सामर्थ्य जाणत्या परीक्षणात आहे. जेथे घेवडा मनापासून रांधला जातो त्या खानावळीचे नाव छापून आले, तर शेजारचाही तो रांधू लागेल.

परीक्षणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. चव हा मताचा विषय आहे. स्वच्छता हा कायद्याचा. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापण्याचे बंधन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. शिळ्या अन्नाने कोणी आजारी पडले, तर त्याची तक्रार तो क्रमांक देऊन अन्न व औषध प्रशासनाकडे गेली पाहिजे. ती ताऱ्यांत विरघळवून टाकणे म्हणजे गुन्ह्याला नापसंतीचे रूप देणे होय. उलट, भाजीत तिखट जास्त होते म्हणून मालकाला गुन्हेगार ठरविण्याचेही कारण नाही.

अशा परीक्षणाने लहान धंदे बुडतील, अशी भीती घातली जाते. ती खरी नाही; धंदे बुडतात ते अफवांनी, कारण अफवेला उत्तर देता येत नाही. सही केलेल्या लेखाला मालक उत्तर देऊ शकतो, आणि ते छापण्याचे बंधन वर्तमानपत्राने स्वतःवर घालून घ्यावे. खरी अडचण निराळी आहे. ज्या पानावर हॉटेलाची जाहिरात असते, त्याच्या मागच्या पानावर त्याच हॉटेलातली आमटी पाणचट होती असे छापण्यास धैर्य लागते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले; विकत घेतलेली स्तुती चालणार नाही, हा त्याचा रोख आहे. ऑनलाइन मजकुराला जी कसोटी सरकारने लावली, ती छापील मजकुराने आपण होऊन स्वीकारण्यास हरकत नसावी.

जिल्हा वृत्तपत्रांनी आठवड्यातून एक स्तंभ या कामाला द्यावा आणि तो एखाद्या चोखंदळ, चार ठिकाणी जेवलेल्या आणि कोणाचा मिंधा नसलेल्या माणसाकडे सोपवावा. मालकांनीही गल्ल्यावर ‘कसे काय झाले?’ असे विचारताना खरे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. घरात अन्नाला नावे न ठेवण्याचा संस्कार अबाधित राहो. बाहेर पैसे मोजून जेवणाऱ्याने मात्र चांगल्याला नाव घेऊन चांगले म्हणावे, उणे असेल ते तोंडावर आणि सभ्यपणे सांगावे. एवढे झाले तरी मोबाइलवरच्या निनावी ताऱ्यांना आज आलेले महत्त्व बरेचसे ओसरेल.