निर्मळ दिसणारे पाणी

आमच्या वडीगोद्रीच्या घरात समुद्र नांदतो, असे म्हटल्यास वाचक हसतील. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते समुद्राच्या काठीच; आम्हां देशावरच्यांस मात्र विहिरीच्या पाण्यात विकतचे सागरी क्षार, लिटरास सुमारे ३५ ग्रॅम, कालवून समुद्र करावा लागतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी द्रव्ये त्यात पुरेशी नसतात.

पाणी स्वच्छ दिसले की मासे सोडावे, असा चिरंजीवांचा समज होता. परंतु मलमूत्रापासून होणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाही. जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात; पैकी अमोनिया सर्वांत घातक, नायट्रेट बरेच सौम्य. हे जिवाणू रुजण्यास महिना-दीड महिना लागतो. तोवर चिमूटभर खाद्य कुजू द्यावयाचे, परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहावयाचा नि धीर धरावयाचा. (धीर मुलांपेक्षा आमचाच आधी सुटला!) उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार उडत नाहीत, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी. आम्ही काही दिवस खाऱ्याचीच घातली आणि एक मासा गमावला.

पण सांगावयाची गोष्ट निराळीच आहे. क्षार कालवले त्याच दिवशी, जिवाणू रुजण्यापूर्वीच, नायट्रेटच्या नळीत गडद तांबडा रंग उतरला होता. तो आला कोठून? नुसत्या विहिरीच्या पाण्याची परीक्षा केली, तोच रंग! पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमपर्यंतच असावे, असे भारतीय मानक सांगते. नमुना प्रयोगशाळेत धाडला. आकडा मर्यादेच्या वर आला. शेतातील युरिया, उकिरडा, शौचखड्डा, या सर्वांचा निचरा विहिरीकडेच होत असतो.

घरात चार महिन्यांची नात. तिचे बाटलीचे दूध याच पाण्यात कालवले जाई. एवढ्या लहान मुलांत नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, अंग निळसर पडते, प्रसंगी जिवावर बेतते.

"मामंजी, पाणी मी चांगले उकळूनच घेते हो," सूनबाई म्हणाल्या.

जंतूंसाठी उकळणे योग्यच. पण नायट्रेट उकळून जात नाही. वाफ होऊन पाणी आटते आणि उरलेल्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. माशांच्या पेटीत जे आम्ही महिनाभर पाहिले, तेच चुलीवर चालले होते.

त्या दिवसापासून नातीसाठी आर. ओ. यंत्राचे पाणी वापरतो. पेटीतही तेच घालतो. उकिरडा विहिरीपासून दूर नेला आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना धाडू.