रूट कॉज पाहिजे, रूट कॉज!

आपल्या धंद्यात एका शब्दाला फार मान आहे. रूट कॉज. शुक्रवारी रात्री सर्व्हर झोपला की सोमवारी सकाळी मॅनेजरचा पहिला प्रश्न तोच. मग आपण चार स्लाइड्स करतो, पाच वेळा "का?" विचारतो आणि शेवटी एखाद्या गरीब कॉन्फिग फाइलला फासावर लटकवतो. मशीनच्या बाबतीत सवय चांगलीच आहे. पण हाच प्रश्न खिशात घालून लोक जेव्हा डिप्रेशन, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरी चहाला जातात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

"पण कशामुळे झालं हो?"

हे कुतूहल नसतं. ही पोलीस चौकशी असते. आईनं लाडावलं, बापानं मारलं, बायकोशी पटत नाही, प्रेमभंग, अभ्यासाचा ताण, अमेरिकेतला एकटेपणा, मोबाईल, बाहेरचं काहीतरी... कावीळ झालेल्याच्या घरी कोणी इतके आरोपी उभे करत नाही. हा आपल्याच लोकांचा दोष आहे असंही नाही. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मोठ्या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली. पुढची कितीतरी वर्षं आजारी मुलांच्या आया स्वतःला गुन्हेगार समजत जगल्या. पुरावा? शून्य. आज ती कल्पना कचऱ्यात गेली आहे, पण आपल्या दिवाणखान्यांत अजून जिवंत आहे.

माझ्या एका मित्राची बहीण बायपोलर आहे. लिथियमवर तिचं छान चाललं होतं, नोकरी होती, गाडी शिकत होती. घरातल्या एका जाणत्या काकांनी सल्ला दिला, "गोळ्यांनी वरवरचं दबतं गं, मुळावर घाव घालायला हवा." झालं. मुळाच्या शोधात गोळ्या बंद. तीन महिन्यांच्या आत ती रात्र रात्र जागी, डोक्यात एकाच वेळी चार बिझनेस प्लॅन, क्रेडिट कार्ड रिकामं, आणि शेवटी ॲडमिट. काकांना मूळ अजून सापडलेलं नाही.

आता लिथियमचीच गंमत बघा. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. ते नेमकं कसं काम करतं हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आजार उलटण्याचं आणि आत्महत्येचं प्रमाण त्यानं कमी होतं, हे दशकानुदशकं दिसत आलं आहे. औषध नाजूक आहे. मात्रा थोडी कमी झाली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विषारी. म्हणून रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड वेळोवेळी तपासावी लागतात. आपल्या भाषेत, मॉनिटरिंग लावून चालवायची सिस्टिम.

रात्री तीन वाजता सर्व्हर मेला तर आपण काय करतो? मेमरी लीक कुठे आहे याचा प्रबंध लिहून होईपर्यंत युजरना ताटकळत ठेवतो? आधी रिस्टार्ट मारतो राव! कारण शोधायचं असतंच, पण सिस्टिम उभी राहिल्यावर. मेंदूच्या बाबतीत मात्र इंजिनिअर मंडळीसुद्धा अचानक तत्त्वज्ञ होतात.

आणि खरं सांगू? इथे 'एक' रूट कॉज नसतोच बहुतेकदा. स्किझोफ्रेनियाचं घ्या. शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी तो होतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, तरी ती निम्म्याहून कमीच भरते. म्हणजे तंतोतंत तोच सोर्स कोड, आणि एकाच मशीनवर क्रॅश! 'सगळं जीन्समध्ये असतं' म्हणणारेही गप्प आणि 'सगळे घरचे संस्कार' म्हणणारेही गप्प. अनेक जीन्स, गर्भातली वाढ, लहानपणीचे आघात, गांजासारखी व्यसनं, अशा बारीकसारीक गोष्टी एकमेकींत गुंततात. यातून एक आरोपी काढून दाखवाच.

ज्यांचं एकच कारण सापडलं असे आजारही होते. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत भ्रम आणि लकव्याचे कितीतरी रुग्ण असायचे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना त्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजार मनोविकारांच्या यादीतून निघूनच गेला. म्हणजे ही यादी मुळातच उरलेल्या, न सुटलेल्या केसेसची आहे. तिच्याकडे रूट कॉज मागणं म्हणजे ओपन तिकिटांच्या यादीकडे बघून 'ही अजून क्लोज का नाहीत' म्हणून ओरडणं. (असे मॅनेजर मी पाहिलेत, पण तो वेगळा विषय.)

२००६ मध्ये मुन्नाभाईनं 'केमिकल लोचा' घराघरात पोचवला. त्या शब्दाचे उपकार आहेत. 'वेडा' म्हणण्यापेक्षा 'लोचा' बरा. पण त्यातून दुसरीच गंमत झाली. २०२२ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, की सेरोटोनिन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा नाही. लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर जल्लोष: बघा, गोळ्या म्हणजे फसवणूक! अहो, शरीरात क्रोसिन कमी पडलं म्हणून ताप येत नसतो, तरी क्रोसिननं उतरतो ना? गोळी उपयोगी आहे का हा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचं उत्तर चाचण्यांमधून येतं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. डिप्रेशनवरची तपासलेली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फरक चमत्कारिक मोठा नव्हता, पण होता.

गोळ्यांचा जयजयकार मला करायचा नाही. वजन वाढतं, हात थरथरतात, काहींची कामेच्छा जाते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या डॉक्टरच्या टेबलावर आपटायच्या असतात, काकांच्या नव्हे. सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये सीबीटीसारखी थेरपी औषधाच्या तोडीची ठरते. दोन्ही मिळून अनेकदा जास्त फायदा होतो. फक्त दोन्हींना वेळ द्यावा लागतो. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागते. आपल्याकडे दहाव्या दिवशी "काही फरक नाही" आणि चाळिसाव्या दिवशी "आता बरंय की" म्हणून बंद. दोन्ही वेळा बदनामी औषधाची.

आणि तो शेवटचा रामबाण, "लग्न करून द्या, सुधारेल." न टेस्ट केलेला कोड थेट दुसऱ्याच्या प्रॉडक्शनवर टाकायचा! त्या दुसऱ्या मुलीला किंवा मुलाला सांगायचंही नाही. याला उपचार म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणंच सोडलंय.

निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. शंभर जणांचा फ्लोअर असेल तर त्यातले दहा जण मोजा. आपापल्या खुर्चीत बसलेत, स्टँडअपला "नो ब्लॉकर्स" म्हणतायत.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. विमा कंपनीनं मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच निकषांवर कव्हर द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ऑफिसच्या मेडिक्लेमचं पीडीएफ उघडून तेवढं कलम शोधा, आणि नसेल तर एचआरला मेल टाका. टेली-मानसचा फुकट नंबर १४४१६ आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.